सप्तांग नमस्कार

ती. ताईस,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग, म्हणजे उजवा गुडघा, सध्या रजेवर आहे.) तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला? उत्तराची घाई नाही. आईच्या शिलाई मशीनवरून अबोला धरलास त्याला तीन वर्षं झाली, आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात दुपारी त्याच मशीनवर एका गलेलठ्ठ गिऱ्हाइकाची विजार शिवत होतो. पाय पायडलवर, आणि मी एकदम दाराकडे वळलो. पाय तिथेच राहिला आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला निघून गेली. “वाटी सरकली, वाटी सरकली!” मी ठणाणा केला. तुझी भावजय आतून म्हणाली, “सरकली तर उचला की!”

डॉक्टरीणबाईंनी ती जागेवर बसवली आणि चित्र काढून दाखवलं. वरून मांडीच्या स्नायूचा पट्टा, खालून नडगीला बांधलेला पट्टा, दोन्ही अंगांना पातळ अस्तर. (इतकं नेटकं शिवणकाम मला जन्मात जमलं नाही.) वाटीचा ओढा मुळात बाहेर, तिला धरून ठेवतो तो आतल्या बाजूचा बोटभर बंध. तोच उसवलाय. म्हटलं, बाई, दुहेरी टीप मारा. त्या म्हणाल्या, जुळेल आपला आपण, पण सहा आठवडे पायडल बंद.

गोळीने डोळे जड होतात. दुपारभर पडून असतो, पडदा हलतो, आणि मी अलगद गुडघ्यात शिरतो. आत दुधी उजेड असतो. वाटी एखाद्या मोठ्या बटणासारखी तरंगत असते, आई मान खाली घालून उसवलेला बंध शिवत असते, आणि तू शेजारी बसून सुई ओवून देतेस. तुझा दोरा पहिल्याच खेपेला जातो. (माझा कधी गेलाय?) मी बोलायला गेलो की आई हातानेच गप्प करते. फार बरं वाटतं गं. मग जाग येते आणि गुडघा ठणकतो.

बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा
(एका पायावर तयार)

ता.क. मशीन मोडीत निघणार अशी अफवा कानावर आली तर विश्वास ठेवू नकोस.

ता.क. २. ठेव. चिरंजीवांना ती अडगळ वाटते. शनिवारी भंगारवाला येतोय, आणि माझा पाय बंद म्हणून माझं तोंडही बंद. शुक्रवारपर्यंत ये. घेऊन जा, नाहीतर इथेच बसून चालव. ती विजारही अर्धीच आहे.

ता.क. ३. दाराकडे का वळलो ते राहिलंच. तुझी हाक आली असं वाटलं. चादरी विकणारी होती.