आबाजींच्या नावाचा मीटर

बुधवार, २२ मे २०२४

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मीटर जळाला. आधी वास, मग एसी बंद, मग पंखाही. ह्यांचा नुकता डोळा लागला होता. अर्धांगवायूनंतर खोली थंडच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय — म्हणून तर हे दोन एसी! आता हे घामानं भिजलेत आणि मी वर्तमानपत्रानं वारा घालतेय.

एसी बसवणाऱ्या भीमराजला फोन केला. गेल्या आठवड्यात हाच म्हणाला होता, "काकू, मंजुरी-फिंजुरीचं मी पाहून घेतो. तुम्ही बिनधास्त चालू करा, अख्खं यवतमाळ चालवून राह्यलं." आज म्हणतो, "मीटरचं आपल्याकडे नसते काकू." नसते म्हणे!

गुरुवार, २३ मे

बुद्धपौर्णिमेची सुट्टी, वीज कार्यालय बंद. लाइनमन तेवढा येऊन पाहून गेला. "मॅडम, तुमचा मंजूर लोड एक किलोवॅट. त्याच्यावर दोन एसी? आधी लोड वाढवा लागते, मग एसी लावा लागते."

शेजारच्या प्रियंकानं पंख्यापुरती वायर देऊ केली. तोही गुन्हा, असं लाइनमन जाता जाता सांगून गेला. वायर घेतली. लिहून ठेवते — घेतली.

शुक्रवार, २४ मे

कार्यालयात गेले. लोड वाढवायचा अर्ज भीमराजनं खरंच भरलाय. खाली ग्राहकाची सही — माझ्या सासऱ्यांची. आबाजींना जाऊन सव्वीस वर्षं झाली.

मीटर अजून त्यांच्याच नावावर. बदलून घ्या म्हणून मी किती वर्षं कानीकपाळी ओरडले. ह्यांचं एकच, "बाबांचं नाव कशाला पुसायचं?" आमच्या गल्लीत निम्मे मीटर गेलेल्यांच्या नावावर आहेत. दर महिन्याला बिलावर बापाचं नाव येतं, तो घरातच असल्यासारखं वाटतं. आणि भीमराज? बिलावरचं नाव वाचलं, सही ठोकली. आबाजी आहेत की नाहीत, एवढं विचारायला तोंड नव्हतं?

साहेब म्हणाले, "ग्राहक स्वतः येऊ शकतील काय?"

म्हटलं, "तुम्हीच जाऊन भेटा त्यांना."

ते हसले नाहीत. आबाजींच्या मृत्यूचा दाखला आणा, वारसांची संमती आणा, नाव बदला. परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग तपासून घ्या. मग वाढीव लोड, मग मीटर. एसी सगळ्यात शेवटी. आम्ही नेमकं उलट्या टोकानं सुरू केलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकायचे तेव्हा सिस्टर अ‍ॅग्नेस खोटी सही करणारीला दिवसभर व्हरांड्यात उभं करायच्या. भीमराजला आमच्या गच्चीवर उभं करावं. दुपारी.

स्वयंपाकाला येणारी लालीबाई ऐकून म्हणाली, "आबाजी वरून येऊन सही करून गेले म्हना बाई. लेकाले गरमी होऊन राह्यली म्हून."

शनिवार, २५ मे

ह्यांच्या पाठीवर घामोळं उठलंय. कूस बदलायलाही मी लागते.

दुकानात जाऊन भीमराजला गिऱ्हाइकांसमोर झाडला. घरी आले तरी राग उतरेना. ह्यांनाही सोडलं नाही — "बापाचं नाव जपलंत ना? आता भोगा." ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवार, २६ मे

ह्यांच्यापाशी प्रियंकाला बसवून एसटीनं वणीला गेले, नणंदेची संमती आणली. तिनंही ऐकवलं, "बाबांचं नाव काहून काढता वहिनी?" तिलाही जे सुनावायचं ते सुनावलं.

सोमवार, २७ मे

सगळे कागद पुढ्यात टाकले. घरात आजारी माणूस आहे म्हणून साहेबांनी संध्याकाळपर्यंत मीटर बसवून दिला. लोड वाढेपर्यंत एकच एसी, हे माझ्याकडून लिहून घेतलं. भीमराजला साधी ताकीदसुद्धा नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार मी देणारच.

खोली थंड झाली. ह्यांना म्हटलं, "झालं ना मनासारखं?" ह्यांनी डाव्या हातानं चादर तोंडावर ओढून घेतली.

मंगळवार, २८ मे

सकाळी आभा पुण्याहून गाडी घेऊन दारात. मी लेकीला बोलावलं नव्हतं. मी वणीला गेले होते तेव्हा ह्यांनीच प्रियंकाकडून फोन लावून घेतला. का, म्हणून विचारलं. बोलणं नीट उमटत नाही, म्हणून पाटीवर डाव्या हातानं लिहिलं — तिकडे कुणी ओरडत नाही.

दहाला हे तिच्याबरोबर पुण्याला गेले. निघताना ह्यांच्या खिशात चिठ्ठी घातली, ती अशी:

परत येणार की नाही, ते सोमवार, १० जूनच्या आत लेखी कळवावं. आभाकडून लिहून घेतलेलं नको. अक्षर कसंही चालेल.