मागच्या रांगेतला हात

मंगळवार, तारीख चौदा

भिंगऱ्या,

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखतोच. तिकडचं तू नऊ वर्षांत काही कळवलं नाहीस, तेव्हा तिकडेही ठीकच असेल असं धरते. मोठ्या बहिणीने द्यायचे ते आशीर्वाद घेऊन टाक आणि पुढचं नीट वाच. अक्षर वाईट आहे हे मला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा होतं तेच आहे, माझ्याबरोबर ते काही मोठं झालं नाही.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. जायला उरलंय कोण, तू आणि मी.

आधी कामाचं सांगते. बेकरी बंद पडली. गेली चार वर्षं मी एका छोट्या सिनेमाघरात आहे. झाडते, पुसते, संध्याकाळी दारात उभी राहून तिकिटं फाडते. साठ खुर्च्या, त्यातल्या सात मोडक्या. इथे तुझ्या आवडीचे सिनेमे लागतात, म्हणजे ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नसतं ते. हसू नकोस. तू असले सिनेमे करायला निघालास तेव्हा मी म्हणाले होते, हे बघणार कोण? आता मीच बघते. चार वर्षांत दोनशेच्या वर झाले असतील.

इथला सगळा कारभार ऑपरेटर एकटा बघतो. सिनेमे तोच निवडतो, तोच लावतो आणि बऱ्याच वेळा तोच एकटा शेवटपर्यंत बसतो. बायको गेलेली, मुलगी परगावी. दुपारी दोन वाजता तो संध्याकाळचा सिनेमा लावून तपासतो. वरच्या खोलीत त्याला हॉलमधला आवाज कळत नाही, म्हणून कोणीतरी मागच्या रांगेत बसायचं असतं. ती मी. आवाज कमी वाटला तर उजवा हात वर करायचा, जास्त वाटला तर डावा. तो वरच्या खिडकीतून बघतो आणि बटण फिरवतो. बोलायचं काही नाही. मला हे काम आवडतं. बसून पगार कोण देतं?

बहुतेक सिनेमे परक्या भाषेतले असतात. खाली ओळी येतात, पण मी एक शब्द लावेपर्यंत दुसरी ओळ येऊन जाते. मग मी तो नाद सोडला. हात बघते, तोंडं बघते. काय चाललंय ते कळतं. ऑपरेटर म्हणतो, "बाई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." मी म्हटलं, "मला एवढंच कळतं की हा माणूस अर्धा तास नुसता चालतोय. कुठे जायचंय ते याला तरी माहीत आहे का?" तो म्हणाला, "चालतोय म्हणून तर सिनेमा आहे." असल्या माणसाशी काय वाद घालायचा.

पण काही चांगले असतात. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या बाईचा एक होता. पाऊण तास नुसते पट्टे. शेवटी ती स्वतःच्याच घरासमोर पट्टा मारते, आतून नवरा बघतो आणि पडदा ओढून घेतो. बस्स, संपला. मला त्या नवऱ्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. फुटबॉलच्या पंचाचा एक होता. सगळं गाव त्याला शिव्या घालतं आणि घरी त्याची आई मात्र रोज त्याची शिट्टी धुऊन वाळत ठेवते. आणि काचेचे डोळे बनवणाऱ्या माणसाचा एक. एक म्हातारी त्याच्याकडे डोळा करून घ्यायला येते. तो रंग जुळवून दाखवतो. ती आरशात बघते आणि म्हणते, छान झालाय, पण थोडा थकलेला कर, नाहीतर दुसऱ्याशी जुळणार नाही. ही ओळ मला ऑपरेटरने वाचून दाखवली. ती ऐकून मला झाडू मारायला उशीर झाला.

ऑपरेटरने मला आणखी एक शिकवलंय. सिनेमा कुठे कापलाय ते ओळखायचं. तो म्हणतो, माणसाकडे बघू नका, कपाकडे बघा. चहा अर्धा होता आणि लगेच भरलेला दिसला, म्हणजे मधे कात्री. घड्याळ बघा, मेणबत्ती बघा. आता मला सवयच लागली आहे.

हे सगळं का सांगतेय ते पुढे कळेल. आता पाणी आलंय, भांडी पडली आहेत.

बुधवार

काल थांबले ते पाण्यामुळे नाही. पाणी तासभर असतं. पुढचं लिहायला हात होईना.

दर वर्षी इथे नऊ दिवस फक्त कुठेच न लागलेले सिनेमे दाखवतात. अठरा सिनेमे, लहान-मोठे, बरेचसे खऱ्या माणसांचे. ऑपरेटर वर्षभर ते जमवतो. त्याच्या खोलीत एक फळी आहे, तिच्यावर तबकड्यांचे चपटे डबे उभे लावलेले असतात. दर शनिवारी मी ते एकेक उचलून पुसते आणि जागेवर ठेवते. नावं वाचत नाही. कशाला वाचू? धूळ सगळ्यांवर सारखीच बसते.

परवा एक सिनेमा येणार होता तो आला नाही. रविवारची चार वाजताची जागा रिकामी पडली. ऑपरेटर म्हणाला, "एक आहे, पण त्यात एका बाईची परवानगी राहिली आहे. करणारा दर वर्षी पाठवतो बिचारा, दर वर्षी सोबत तीच चिठ्ठी. चला, बघून तर घेऊ. मग त्याला पुन्हा एकदा लिहितो." मी मागे जाऊन बसले.

पहिल्यांदा वाडगा दिसला. आपला पांढरा, काठाचा टवका उडालेला. मला वाटलं, असा वाडगा कोणाकडेही असेल. मग त्यात हात गेला आणि एक बटण घेऊन बाहेर आला, आणि मला आईचा अंगठा ओळखू आला.

चार वर्षं मी त्या डब्यावरची धूळ पुसत होते, भिंगऱ्या. दर शनिवारी.

तुझा परवानगीचा कागद चार वेळा आला होता. एकदा मी त्याने शेगडी पेटवली. बाकीच्या वेळी पाकीट फोडलंच नाही. तुला मी सांगितलं होतं की आईला असं चारचौघांत दाखवायचं नाही, तिला स्वतःचं नाव आठवत नाही ते लोकांनी तिकीट काढून बघायचं नाही. तू म्हणालास, "अक्का, एकदा बघ तरी, मग नाही म्हण." मी म्हणाले, न बघताच नाही म्हणते. आईच्या अब्रूचं मी एवढं बोलले की मलाही ते खरं वाटायला लागलं. आई गेली तेव्हा तू आलास, तीन तास थांबलास आणि गेलास. मी चहाही विचारला नाही.

आईच्या अब्रूचा प्रश्न नव्हता. ते तुला तेव्हाच माहीत होतं. तू कधी तसं म्हणाला नाहीस, एवढंच.

मी त्या अंधारात बसून एकाच गोष्टीची वाट बघत होते. आई बटणं लावतेय. उभा जन्म तिने लोकांच्या शर्टांना बटणं लावली, आणि डोकं गेल्यावर घरातल्या सगळ्या कपड्यांची बटणं कापायची आणि पुन्हा लावायची, हे एकच तिला उरलं. तू ते छान घेतलंस. तिचे हात तू जसे घेतलेस तसे मी दोनशे सिनेमांत पाहिले नाहीत. आणि मी कुठे दिसते? पाठमोरी. भात शिजवताना, तिला आंघोळ घालून आणताना, केस विंचरताना. ऑपरेटरने मला ओळखलंही नाही. मध्येच वरच्या खिडकीतून म्हणाला, "मुलगी देवमाणूस आहे हो."

मग ती सकाळ आली. खुंटीवर बेकरीचा माझा पांढरा कोट. त्या आठवड्यात मला दोनदा उशीर झाला होता, तिसऱ्यांदा झाला की घरी बसायचं होतं. आई हातात कात्री घेऊन कोटासमोर उभी. सहाही बटणं वाडग्यात. मी दारातून आत येते. भिंतीवरचं घड्याळ सहा वाजून दहा मिनिटं दाखवतंय.

आणि पुढच्या क्षणी आई खिडकीत बसलेली. गालावर हात. बघणाऱ्याला वाटेल, म्हातारी विचारात पडली आहे. घड्याळात साडेसहा.

तू कापलंस.

मी नऊ वर्षं ज्या जागेला घाबरत होते ती जागाच सिनेमात नव्हती. एवढा कागद मी त्यासाठी जाळला होता. आणि तेव्हा मला कळलं की माझा उजवा हात वर आहे. मी केला नव्हता. तो आपोआप गेला होता, त्या सकाळी गेला तसाच, तेवढाच, खांद्याच्या वर.

ऑपरेटरला वाटलं, आवाज कमी आहे. त्याने वाढवला.

आणि आई बोलली. खिडकीत बसून, तुझ्याकडे बघून, अगदी हळू. मी तेव्हा शेजारच्या खोलीत सुईदोरा शोधत होते, मला ते कधी ऐकू आलंच नव्हतं. ती म्हणाली, "त्या बाईला काही बोलू नकोस हं. दमलीय ती."

त्या बाईला म्हणाली. मी कोण ते तिला माहीतच नव्हतं. कामाला ठेवलेली कोणी असेल असं तिला वाटत असणार. गालावर माझी बोटं उठलेली, आणि माझीच बाजू घेत होती.

सिनेमा संपल्यावर ऑपरेटर खाली आला. "आवाज बरोबर होता की बाई. हात कशाला केलात?"

मी म्हटलं, "ती माझी आई आहे."

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. मोडक्या सातांपैकीच ती एक, त्याच्या लक्षातही आलं नाही, कलला तसाच बसून राहिला. तिथूनच म्हणाला, "मग परवानगी तुमचीच राहिली आहे." आणि मग, "मी काही म्हणत नाही. अठ्ठावीस तारखेला यादी छापायला जाते, एवढंच सांगतो."

शुक्रवार

कागद सोबत आहे. ऑपरेटरकडे तुझी प्रत होती, तिच्यावर सही केली आहे. एक सही आधी पाटीवर करून बघितली. पण कागदाच्या मागे मी एक अट लिहिली आहे. ती इथेही लिहिते, म्हणजे नंतर समजलं नाही म्हणायला नको.

तू कापलेली वीस मिनिटं आहेत, त्यातली मी मारते ती जागा परत घाल.

वाद घालू नकोस. तू माझ्यासाठी कापलंस हे मला कळतं. मी जगापुढे वाईट दिसू नये म्हणून. उपकार केलेस, पण मला ते नकोत. तू मला पाठमोरी देवी करून ठेवलंस आणि आईचं बोलणं उघड्यावर टाकलंस. ज्याने मला मारताना बघितलं नाही, त्याला तिच्या बोलण्यातलं काय कळणार? कोण बाई, कशाने दमली, कोणाला काय बोलायचं नाही? लोकांना वाटेल, म्हातारी बरळतेय. आणि तिने त्या वर्षात एवढं एकच शहाणपणाचं वाक्य उच्चारलं. मी थोबाडीत मारलेली दिसल्याशिवाय ते उभं राहत नाही. मला सिनेमातलं फार कळत नाही, पण काचेचा डोळा सुद्धा थकलेला असल्याशिवाय जुळत नाही, एवढं कळतं.

ते तुकडे तू फेकलेले नाहीस. लहानपणी तू बोटभर उरलेली पेन्सिलसुद्धा फेकायचा नाहीस.

आणि तुझा आवाजही राहू दे. मी मारलं तेव्हा तू कॅमेऱ्यामागून "अक्का" असं ओरडलास. ओरडलास, पण कॅमेरा खाली ठेवला नाहीस. माझा तो राग अजून गेलेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही. पण मी हात उचलला आणि तू घेत राहिलास, दोन्ही दिसू देत. तिच्याजवळ त्या वेळी आपण दोघंच होतो आणि असेच होतो.

आईने त्याच दुपारी कोटाला सहाही बटणं परत लावली होती, लाल दोऱ्याने, पांढऱ्या कोटाला. तू तेवढ्यावर सिनेमा संपवलास, ते बरं केलंस. मी तो कोट बेकरी बंद पडेपर्यंत घातला. सगळे हसायचे. मी दोरा बदलला नाही.

आता उरलेलं. रविवारी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला. यायचं असलं तर ये. दारात तिकीट मीच फाडते, तुझंही फाडेन. बसायला मोडकी खुर्ची घेऊ नकोस, डावीकडून तिसरी आणि पाचवी टाळ. ऑपरेटर तुझ्याशी तासभर बोलेल, त्याला बोलू दे, त्याला माणसं मिळत नाहीत.

मी मागच्या रांगेत असेन. त्या दिवशी आवाज कमी असो की जास्त, हात मांडीवर ठेवून बसणार आहे.

त्या बाईकडून,
तुझी अक्का