विहिरीतल्या माशाचा सल्ला

पूनम,

कुणाचाच विश्वास बसणार नाही, तुझा तर नाहीच, पण आपल्या विहिरीतला म्हातारा कटला मासा आज माझ्याशी बोलला. जलपर्णी मारायचं औषध ओतायला मी पायरीवर वाकलो, तर गडी तोंड वर काढून म्हणतो, "तात्या, थांबा! हे ओतलंत तर सगळी जलपर्णी एकदम कुजेल आणि आम्ही पाण्यात गुदमरून मरू. त्यापेक्षा दाताळ्यानं ओढा. आज निम्मी काढा, उरलेली पुढच्या आठवड्यात. ढीग रात्रभर काठावरच राहू द्या, म्हणजे अडकलेल्या गोगलगाई परत पाण्यात जातील."

म्हणून औषधाचा डबा माळ्यावर ठेवलाय, हात लावू नकोस. मी दाताळं आणि दोर घेऊन विहिरीवर चाललोय. कंपनीतून आलीस की चहा तिकडेच आण. एकच कप आण. शेजारचे भीमराज तिथं घुटमळत असतील. सोसायटीचं तळं त्यांनी साफ केलं म्हणून तू जेवताना रोज त्यांचे गोडवे गातेस, ते मला नीट ऐकू येतं. अख्ख्या पुनावळ्यात मासा कुणाशी बोलला, तेही जरा त्यांना सांग.

एवढं लिहितोय तोच तुझी सासू खांद्यावरून वाचून मोठ्यानं म्हणाली, "अहो, मासा कसला? काल ओट्यावर भीमराजभाऊच हे सगळं सांगत होते, आणि तुम्ही झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतात!"