मडक्याभोवती कोण कोण बसलं

२९ मे

आले. लिही, अमुगे — सासू परत आली म्हणून लिही. सगळ्या गावाचं जाणं-येणं लिहितेस, माझंही लिही! सरकारने तुला पिवळं जाकीट दिलंय आणि रोगाचा माग काढत दारोदार फिरायला लावलंय — कोण कुणाकडे जेवलं, कोण कुणाच्या शेजारी खोकलं. त्याच पायांनी आता माझ्यापाशी बस. ही वही सरकारची नाही, माझी.

सरहद्दीवर बहिणीला माती देऊन आले. गाड्या बंद, रस्ते बंद. कोळशाच्या ट्रकमध्ये पोत्यांमागे बसून आले. उतरताना ड्रायव्हरला कळेना, पोतं कुठलं आणि म्हातारी कुठली.

अमुगे म्हणते, ‘आई, तुम्ही चौदा दिवस झोपडीतच बसा.’ बसते की! मग भुईमूग कोण उपटणार, तुझा नवरा? तो बसलाय आंब्याखाली मातीत, सगळे नियम पाळून.

गेला तरी माझाच लेक. मी बोलले तर चालतं.

३१ मे

काठीवाले पोलीस आले होते बाजारात. रताळी विकणाऱ्या बायका नियमापेक्षा जवळ बसल्या म्हणे. टोपल्या लाथाडल्या, बायकांना पालथं पाडून झोडपलं. एकीच्या पाठीवर लेकरू बांधलेलं होतं, म्हणून तिला पायांवर मारलं. केवढी दया!

माझ्यापुढे जो आला तो माझ्या नातवाच्या वयाचा. म्हटलं, मार बाबा, पण डावीकडे मार, उजवी बाजू आधीच दुखतेय. त्याने उजवीकडेच मारलं. सांगितलेलं ऐकायचं नाही, हेच शिकवतात त्यांना.

२ जून

अमुगेच्या हातची चव गेली. चवळीच्या पाल्याची भाजी केली — मीठच नाही! शेंगदाण्याचं वाटण तर नुसती माती. म्हटलं, सूनबाई, माग काढता काढता मिठाची बरणी कुठे हरवलीस? ती म्हणे, ‘घातलंय, आई.’ खाली मान घालून जेवली. दुसऱ्यांची जेवणं लिहिता लिहिता स्वतःचं खोटंही शिजवायला लागली.

खोकला नाही, ताप नाही. मी ठणठणीत.

४ जून

अजोन लावली होती, आपली नाचणीची दारू, ती आज निघाली. बंदी आहे, ठाऊक आहे. पण नाचणी भाजून ठेवलेली, ती काय काठीवाल्यांना पाजू? मडकं कसाव्याच्या शेताआड मांडलं. सहाजण आले. जो तो आपापली लांब नळी घेऊन, आपापल्या जागी.

रीत आपली जुनी. जिने अजोन केली तिने प्रत्येकाच्या नळीतून पहिला घोट ओढायचा, मग नळी त्याच्या हाती द्यायची. विष नाही, हे दिसलं पाहिजे. मी ओढला. पाणचट वाटली. यंदाच्या नाचणीत जीव नाही.

म्हातारा एमुरॉन म्हणाला, ‘आजी, तू आधी मेलीस तर आम्ही पिणार नाही हो!’ म्हटलं, तुझी जीभ मडक्यात घातली तर विष वेगळं घालायला नको. सगळे हसले. त्याचा लेक ओपोलोट तर नळीतच हसला, सगळी अजोन नाकातून बाहेर!

तेवढ्यात ओकिरोर आला. ट्रक चालवतो, सरहद्दीपार जातो. गावचाच पोरगा, पण आता सगळे त्याच्याकडे कडेकडेने बघतात. एमुरॉनने सरकून जागा दिली. ‘बस रे. तुझ्या बारशाची अजोनसुद्धा हिनेच केली होती.’ त्याच्याकडे नळी नव्हती. मी माझी दिली, पदराला पुसून. देऊ केलेली नळी नाकारली तर जन्माचं वैर. त्याने घेतली.

९ जून

एमुरॉनला ताप. श्वास लागलाय. अंगणात बसून माशासारखं तोंड उघडतोय.

अमुगेने विचारलं, ‘आई, मडक्याभोवती कोण कोण बसलं?’ म्हटलं, कुठलं मडकं?

नावं दिली की दवाखान्याची पांढरी गाडी येणार, मागे काठीवाल्यांची गाडी. पलीकडच्या वस्तीतल्यांना नेलं तेव्हा एकाचा हात मोडला गाडीत चढवतानाच. आजारी नव्हता, हात मोडून घेऊन परत आला.

‘आई, नावं मिळाली तर बाकीचे वाचतील.’

कुठलं मडकं, म्हटलं ना!

११ जून

एमुरॉन गेला.

पांढऱ्या प्लास्टिकमधली माणसं आली, त्याला पिशवीत घातला. ओपोलोट म्हणाला, मोठा लेक मी, तोंडावर पाणी मी घालणार. त्यांनी ढकललं. मग दगड सुटले. एका पांढऱ्याचं डोकं फुटलं, प्लास्टिकवर रक्त कसं ठरतच नाही, नुसतं घरंगळतं. काठीवाल्यांनी हवेत गोळ्या झाडल्या — हवा बरीच खाली असावी, ओपोलोटचा बैल मेला. पिशवी खड्ड्यात फेकली आणि पळाले. ना भाषण, ना रडणं.

ओपोलोट खड्ड्याच्या काठावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला — ‘हा रोग ज्याने आणला त्याला मी बापाच्या शेजारी पुरीन. माझ्या आईने आणला असला तरी!’

हा नुसतं तोंडाने बोलणारा पोर नाही.

१२ जून

दिली नावं. सगळी. माझं सोडून, मी ठणठणीत. आणखी दोघं खोकतायत म्हटल्यावर काय करू?

अमुगे घरोघर फिरली, नर्स तिच्या मागे काडी घेऊन, नाकात खुपसायला. ओकिरोरच्या दाराशी अमुगे जास्त वेळ थांबली. तो काडीला घाबरला, लहान पोरासारखा, त्याला समजावत होती. गावाने तेवढंच पाहिलं — पिवळं जाकीट ओकिरोरच्या दाराशी थांबलं.

पिवळा रंग लांबूनही दिसतो.

१४ जून

हे लिहिणार नाही म्हणाली अमुगे. लिही म्हटलं. तुझ्या कपाळाला पट्टी आहे, हाताला नाही.

सकाळी भांडी घासत होते. ओपोलोट आणि त्याचे भाऊबंद ओकिरोरला ओढत चर्चच्या पटांगणात घेऊन आले. कुणाच्या हातात कुदळीचा दांडा, कुणाच्या हातात सायकलची साखळी. ओकिरोर खिशातला कागद काढून नाचवत होता — ‘सरहद्दीवर तपासलंय मला! काही नाही निघालं! वाचा ना!’ ओपोलोट म्हणाला, ‘असले कागद विकत मिळतात.’ आणि कागद त्याच्याच तोंडात कोंबला.

अमुगे मध्ये घुसली. जाकीट फाटलं, कपाळावर दगड बसला, तिला बायकांनी बाजूला ओढलं.

मी ओरडले, ओपोलोट, तुझी नाळ मी पुरलीय! त्याने माझ्याकडे पाहिलं. चांगलं ओळखून पाहिलं. ‘आजी, घरी जा.’ आणि साखळी उचलली.

माणूस मरायला वेळ लागतो. कोंबडीसारखं नाही. ओकिरोर आईला हाक मारत होता, ती वारल्याला वर्षं झाली. मग नुसता आवाज. मग मारणाऱ्यांचाच आवाज, लाकूड फोडताना येतो तसला.

काठीवाले आले ते सगळं संपल्यावर. जमाव घरोघर पांगलेला, म्हणून त्यांनी भेटेल त्याला झोडपलं. ओकिरोरच्या धाकट्या बहिणीलासुद्धा. ती भावाच्या अंगावर पडून होती, उठत नव्हती म्हणून.

१५ जून

जाकीट धुतलं. रक्त गेलं. पिवळा रंग जात नाही.

१८ जून

नर्सकडे निकाल आले. काडी घातलेल्या सहाजणांपैकी चौघांना रोग. ओकिरोरला नव्हता.

नव्हता!

त्याचा कागद खरा होता.

ओपोलोट आला. दारातच उभा. डोळे असे की आतला माणूस कुठे निघून गेलाय. मला वाटलं होतं, रडेल. म्हणतो, ‘मग कोणी आणला? अमुगे, तुलाच कळणार. शोध तुझा, नावं तुझ्याकडे. रविवारपर्यंत नाव दे — नाहीतर घरोघर फिरणारी तूच आहेस. तूच आणलास म्हणेन.’ भाऊबंद कुंपणाशी थांबलेले.

म्हटलं, पाणी पितोस का रे? त्याने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तो गेल्यावर अमुगेला म्हटलं, तू माहेरी पळ. ती म्हणे, ‘तुम्हाला सोडून?’ तिला काही विचारायचं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चुलीत लाकूड सारलं.

१९ जून

नर्स मोटरसायकलवरून भोंगा घेऊन फिरली. खोकला नसला, ताप नसला तरी रोग असतो म्हणे. नुसती जिभेची चव जाते, आणि माणूस हिंडत राहतो.

चुलीपाशी गेले. मिठाची बरणी तळाला आलेली. महिन्याचं मीठ, तीन आठवड्यांत.

ओपोलोटच्या अंगणात निघालेय, त्याला हवं ते नाव द्यायला. माझी नळी बरोबर घेतली आहे. अमुगे दार अडवून उभी आहे. सांगितलं, शेवटचं एक लिही, मग बाजूला हो. रडून अक्षर बिघडवू नकोस.

लिही — भाजीत मीठ होतं.