गोगलगाय छाप गोंदाची राखण

मी, गोगलगाय छाप गोंदाची मालकीण, बाजारात जिला ‘गोगलगाईवाल्या बाई’ म्हणतात ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला मागाहून शंका काढायची सवय आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, भुलवलेलंही नाही. भुलवायला आले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

कलम १. राहतं घर मुलगा आणि सूनबाई यांना निम्मं निम्मं. एकट्या मुलाच्या नावे करत नाही. तो मनाचा चांगला आहे, पण कोणी गोड बोललं की विरघळतो. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईने करावी. तिचा आवाज मोठा आहे, त्याचा घराला उपयोग व्हावा.

कलम २. कारखाना, म्हणजे भट्टी, कढया, डबे भरायचं यंत्र आणि मागची शेड, मुलाचा. शेडमध्ये त्याने अधूनमधून पाऊल टाकावं, कपडे मळत असले तरी.

कलम ३. आता मुख्य गोष्ट, डब्यावरची गोगलगाय.

हे चित्र माझ्या यजमानांनी स्वतः काढलं. लोक हसले. हे म्हणाले, “हसू द्या. भिंतीवर चढते, छताला उलटी चिकटते, कधी पडलेली पाहिलीत?” मग चिन्हाची रीतसर नोंदणी केली. पुष्कळांना वाटतं, नोंदणी झाली की सरकार आपल्या चिन्हाकडे लक्ष ठेवेल. कसलं काय! सरकार नोंद ठेवतं, राखण आपली आपण करायची. नव्या अर्जांची चिन्हं नोंदणी कचेरीच्या पत्रिकेत दर आठवड्याला छापून येतात. त्यात आपल्यासारखं काही दिसलं तर मुदतीत हरकत घ्यायची. मुदत गेली की मग बसा बोंबलत. शिवाय बाजारात हिंडायचं. मी साधी पिशवी घेऊन जाते आणि दुकानदाराला नुसतं म्हणते, “गोंद द्या.” तो काय पुढे करतो ते बघते. नकली निघाला तर पावतीसकट घरी आणते आणि चामड्याच्या तुकड्याला लावून ओढून बघते.

असाच एकदा पिवळा डबा हातात आला. रंग आमचा, अक्षरं आमच्यासारखी, वर नुसता शंख. गोगलगाय नाहीच! डबा होता धाकट्या भावजींचा, म्हणजे यजमानांच्या सख्ख्या भावाचा. मी त्यांचं घर गाठलं, तर म्हणतात कसे, “वहिनी, यात गोगलगाय आहे कुठे?”

मी म्हटलं, “आत झोपली असेल. तुमचा गोंद बघून तोंड काढायची लाज वाटत असेल तिला.”

भांडणाला माझी ना नव्हती. पण त्या गोंदाने चिकटवलेले चपलांचे तळवे आठ दिवसांत सुटत आणि मोची लोक शिव्या देत आम्हाला. माझ्या यजमानांनी उभ्या जन्मात मिळवलेलं नाव भर रस्त्यात उसवत होतं.

भावजींनी त्या शंखाच्या नोंदणीसाठी अर्ज केला, मी हरकत घेतली. त्यावर त्यांच्या वकिलाने उलटा अर्ज टाकला की आमचीच नोंदणी रद्द करावी, कारण नोंदवलेलं चित्र आम्ही बऱ्याच वर्षांत वापरलेलंच नाही. आणि ते चुकीचं नव्हतं! माझ्या चिरंजिवांनी मधल्या काळात गोगलगाईला चाकं लावली होती. “आई, जुनी फार मंद दिसते.” अरे, गोगलगायच ती! डब्यावर नवं चित्र, नोंदणीत जुनं. ज्या घरात चिन्ह राखायला मी जीव टाकत होते, त्याच घरात ते हरवत चाललं होतं.

तेव्हा भावजींची मुलगी, माझी पुतणी, एका दुपारी दारात उभी राहिली. मी आत ये म्हटलं नाही. ती उंबऱ्यावरूनच बोलली.

“काकू, बाबांनी शंख कुठून उतरवला माहीत आहे? तुमच्या बाइंडरच्या पिंपावरून. दरवर्षी नवं पिंप यायचं, त्यावर जुनीच गोगलगाय असायची. अजूनही असते.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुस्तकं बांधणाऱ्यांना जाणाऱ्या मोठ्या पिंपांवर शेडमध्ये पत्र्याचा साचा ठेवून रंग मारतात. तो साचा कोणी बदललाच नव्हता, कारण चिरंजीव तिकडे फिरकतच नव्हते. म्हणजे नोंदवलेलं चित्र आमच्या वापरात होतंच!

“तू हे मला का सांगतेस?” मी विचारलं.

“आमचा गोंद चिकटत नाही, काकू. मीच भरते ना डबे. मला आता ते बघवत नाही.”

मी तिला हाताला धरून आत घेतलं.

सुनावणीला बाइंडर रिकामं पिंप हातगाडीवर घालून घेऊन आले. ते आत यावं म्हणून साहेबांना स्वतःची खुर्ची सरकवावी लागली. चिन्ह वाचलं, शंखाचा अर्ज फेटाळला गेला, चाकं निघाली. भावजी लेकीशी वर्षभर बोलले नाहीत. तिने ते सोसलं आणि तेव्हापासून पत्रिका तीच चाळते आहे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, त्या तिला घरबसल्या शिकायला मिळाल्या. घाईतलं गिऱ्हाईक कुठे फसेल, हे तिला माझ्याआधी दिसतं.

परवा एक मोठी कंपनी आली. मुलगा हरखून म्हणाला, “आई, कारखाना नकोय त्यांना, फक्त नाव हवंय.” म्हटलं, “मग बाळा, किंमत कशाला आहे ते कळलं ना?” ते लोक पाण्यावर गोगलगाय छापून विकतील.

म्हणून गोगलगाय छाप हे नोंदणीकृत चिन्ह, त्याच्या सर्व हक्कांसह, मी माझ्या पुतणीला देते. तिने दर आठवड्याला पत्रिका बघावी, मुदतीत नूतनीकरण करावं, बाजारात हिंडावं. मुलाने चिन्ह फुकट वापरावं, मात्र गोंद चिकटला पाहिजे. पातळ केला तर पुतणीने त्यालाही नोटीस द्यावी. चिन्ह विकायचं झाल्यास दोघांच्या सह्या लागतील. कारखान्याविना चिन्ह म्हणजे नुसतं चित्र आणि चिन्हाविना कारखाना म्हणजे नुसत्या कढया, तेव्हा दोघांनी एका टेबलाशी बसायला शिकावं. बसतील. दोघंही माझीच आहेत.

कलम ४. वकीलसाहेबांना काही नाही. त्यांनी आधीच घेतलं आहे.

सह्यांपूर्वी स्वहस्ते जोडलेला मजकूर: दुसरे साक्षीदार म्हणून मी धाकट्या भावजींना बोलावलं. कलम ३ त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “वहिनी, चिन्ह माझ्या लेकीच्या हातात दिलंत. आता मला तर त्याला हात लावता यायचा नाही.”

मी म्हटलं, “म्हणूनच दिलं, भावजी.”

ते हसले, आणि हसता हसता रडले. मीही. पेन पुढे करताना मात्र त्यांना बजावलं, सही स्वतःचीच करा.

लिहून ठेवणार: गोगलगाईवाल्या बाई (सही)
साक्षीदार: बाइंडर (सही)
साक्षीदार: धाकटे दीर (सही, त्यांची स्वतःची, मी तपासली)
स्थळ: कारखान्याची मागची शेड
दिनांक: आजचा, पत्रिका येण्याचा वार