आई, ओटीपी सांग

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच! कोळंबी सोलत बसले होते, हात बरबटलेले. फोन वाजला. निकेत. "आई, ओटीपी आला असेल. सांग पटकन!"

पटकन म्हणे! घरात रेंज जेमतेम; फोन कसाबसा वाजतो, पण मेसेज यायला मागच्या वाडीत विहिरीपाशी जावं लागतं. चष्मा शोधला, गेले, तोवर त्या आकड्यांची मुदत संपली. वर पोरगा माझ्यावरच ओरडला — "आई, गाडी नाक्यावर उभी आहे गं!"

ट्रक त्याचे, धंदा त्याचा, ऑफिस त्याचं तिकडे उलव्याला. नाव तेवढं माझं — बाईच्या नावाने कर्ज लवकर मिळतं म्हणून. हे गेल्यावर त्याने जिथे सांगितलं तिथे सह्या केल्या. तेव्हापासून टोलचं, टॅक्सचं, बँकेचं — सगळं माझ्या फोनवर. मी आई नाही, आकडे सांगायचं मशीन!

५ फेब्रुवारी

आज देवळात, भजनात. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बाहेर येऊन आकडे सांगितले. "हां, झालं," म्हणाला. ठेवला. मी "अरे —" म्हणेपर्यंत ठेवलासुद्धा.

१० फेब्रुवारी

आज एक फोन आला. गोड आवाज. "मावशी, मी निकेतदादांच्या ऑफिसातून बोलतोय. जेवलात का?"

म्हटलं, आत्ताच जेवले.

"तुमच्या आवाजावरून दमल्यासारख्या वाटताय. तब्येत बरी आहे ना?"

मग काय, गुडघ्याचं सांगितलं. रेवदंड्यात धड डॉक्टर नाही, अलिबागला रिक्षाने जाताना हाडं खिळखिळी होतात, तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मावशी, दादा मीटिंगमध्ये आहेत, एक ओटीपी आलाय बघा."

सांगितला. रोज सांगतेच की.

११ फेब्रुवारी

चोर होता मेला! धंद्याच्या खात्यातले पैसे गेले.

निकेत फोनवर नुसता पेटला होता. "फोनवर कुणालाही आकडे सांगायचे नसतात, एवढं कळत नाही तुला? अंगणवाडीत पोरांना शिकवत होतीस ना?"

फोनवर आकडे सांगायची सवय मला लावली कोणी? रोज ओरडून ओरडून कोण मागत होतं? मेसेजमध्ये लिहिलेलं असतं — कोणालाही सांगू नका. मी एकदा वाचूनही दाखवलं होतं त्याला. हसला होता. "आई, ते मला लागू नाही गं."

हे तोंडावर बोलता आलं नाही.

आणि त्या मेल्याला माझ्या गुडघ्याची माहिती झाली. पोराला अजून नाही.

१४ फेब्रुवारी

अलिबागला जाऊन पोलिसात तक्रार दिली. तिथला पोरगेला शिपाई म्हणाला, "आजी, जमत नसेल तर साधा फोन वापरा ना." आजी!

१७ फेब्रुवारी

सूनबाईचा मेसेज. प्राप्ती लिहिते — "आई, सगळीकडे आता माझा नंबर टाकलाय. तुम्हाला यापुढे अजिबात त्रास नाही." खाली हात जोडलेलं चित्र.

सुटले! शेजारच्या येसूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला गो. आता निवांत बस. कटकट न्हाय." कोळंबीचं कालवण केलं, पोटभर जेवले.

२२ फेब्रुवारी

निवांत.

२६ फेब्रुवारी

फोन बिघडला वाटलं. येसूबाईला तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. वाजला. चांगला चालतोय.

४ मार्च, बुधवार

शिमग्याला येतो म्हणाला होता निकेत. पुरणपोळ्या करून ठेवल्या. नाही आला. मीच लावला फोन. "आई, गाड्या लोड व्हायच्यात, नंतर करतो."

नंतर म्हणजे कधी, विचारलं नाही. पोळ्या येसूबाईकडे दिल्या. तिचाही पोरगा मस्कतला आहे.

९ मार्च

निकेतचा फोन! हातातलं टाकून विहिरीकडे धावले. "आई, एक लोचा झालाय. कागदपत्रं रिन्यू करायचीत, धंदा तुझ्या नावावर, म्हणून आधारचा ओटीपी तुझ्याच नंबरवर येणार. परवा सकाळी फोन हातात ठेव. दुसऱ्या कोणालाही सांगू नकोस, काय?"

मी म्हटलं, बघते बाबा, जमलं तर. जरा तुसड्यासारखंच म्हटलं. म्हणू दे की मला!

११ मार्च

सकाळपासून विहिरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. चष्मा डोळ्यांवरच. ओटीपी आला, निकेतचा फोन आला. सगळे आकडे नीट दिसत होते. शेवटचा सात होता. मी एक म्हणून सांगितला.

त्याचा लगेच परत फोन आला.