बाई, तुमच्या मागे मी आहे

प्रिय बाई,

रविवारी तुमच्या शाळेत शोकसभा झाली. एक पाहुणे बोलता बोलता म्हणाले, "बाईंनी लग्न केलं नाही. त्यांच्या मागे कोणी नाही." मी उठले आणि म्हणाले, "मी आहे. त्यांची पोरगी." एवढंच बोलून खाली बसले, पुढचं राहून गेलं. ते राहिलेलं आज लिहितेय.

आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. बाप नागपूरकडे कामाला गेला, तो परतलाच नाही. मामाकडे खायला मिळत होतं, पण मी बोलणंच सोडलं होतं. एका संध्याकाळी तुम्ही मला हाताला धरून दरेकशातल्या तुमच्या भाड्याच्या खोलीवर आणलंत. शेजारीण म्हणाली, "बाई, दुसऱ्याची पोरगी काऊन आणली?"

"दुसऱ्याची कायची? माह्या वर्गातली होय."

मला मराठी धड येत नव्हतं, तुम्हाला गोंडी. मग तुम्हीच माझी भाषा शिकायला बसलात. पाण्याला 'येर' म्हणतात हे वर्गातल्या पोरांकडून शिकलात, आणि ते इतकं चमत्कारिक म्हणालात की मी हसले, तुमची चूक सुधारली. आई गेल्यावर माझ्या तोंडून फुटलेला तो पहिला शब्द. पुढे तुम्ही पहिलीच्या सगळ्याच पोरांना आधी गोंडीत समजावू लागलात. तपासणीला आलेल्या साहेबांनी टोकलं, तर म्हणालात, "पोरगं घाबरून राहिलं तर शिकेल कसं, साहेब?"

एकदा मी तुम्हाला आई म्हटलं. माझे केस विंचरता विंचरता तुमचा हात थांबला. "तुले तुही आई होती. तिची जागा तिचीच. मी बाई." केवढं लागलं होतं मला ते! आज कळतं, तुम्ही मला माझी आई विसरू दिली नाहीत.

दहावीनंतर मामा माझ्या लग्नाचं बोलणं घेऊन आला. "पोरगी आमची हाय, आमीच ठरवू." तुम्ही भांडला नाहीत. मला समोर बसवून म्हणालात, "तिलेच इचारू." मी कशीबशी बोलले, "नर्स व्हायचंय." मामा चहा न घेताच निघून गेला. पण नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन पहिला तोच आला, आणि तुमच्या पाया पडला.

एक राग मात्र आहे. घरात नर्स असून छातीतलं दुखणं लपवलंत. का? तर माझी ड्युटी चुकू नये म्हणून. सांगायचं ना, बाई.

परवा वॉर्डात एक म्हातारी सुई बघून हात आखडून बसली. मी गोंडीत बोलले, तसा तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "आईकडून. आणि बाईंनी विसरू दिलं नाही."

निवृत्तीनंतर तुम्ही गोंदियाजवळ मुर्रीला बांधलेलं घर मी विकणार नाही. दरेकशाकडच्या ज्या पोरींना गोंदियात शिकायचंय, त्या इथे राहतील. पहिली सोमवारी येतेय. तिला माझ्या हातचं गरम जेवण मिळेल, आणि तिचं शिक्षण कोणी थांबवायला आलं तर दारात मी उभी असेन. हा माझा शब्द.

तुमची पोरगी,
सगुणा